हिमालयातली दूध गळणारी अळंबी: कापण्यापासून बरणीत ठेवेपर्यंत नोंद कशी करायची

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडची बरीच मंडळी, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळची, हिमाचल नाहीतर उत्तराखंडात ट्रेकला जाऊन येतात आणि ती परत आली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. केशरी टोपीची अळंबी, वरून काढलेला एकच फोटो, आजूबाजूला वाळलेल्या सुया आणि खाली प्रश्न, "ही कुठली? खातात का?" मला खरंच वाईट वाटतं, कारण माणूस एवढा चढून गेला, चिखलात गुडघे टेकून वाकला आणि तरी त्या फोटोवरून नाव सांगता येईल असं काहीच हातात येत नाही. दूध गळणाऱ्या, म्हणजे कापली की दुधासारखा चीक येणाऱ्या अळंबीची ओळख ठरते ती तीन गोष्टींवर: कापल्यावर दूध कुठल्या रंगाचं आलं, किती मिनिटांत बदललं, आणि डोक्यावर झाड कुठलं होतं. या तिन्ही जागेवरच लिहाव्या लागतात, घरी आल्यावर त्या कुठूनही परत मिळत नाहीत.

उदाहरणासाठी मी केशरी दूधवाली घेतलीय, शास्त्रीय नाव लॅक्टेरियस डेलिशियोसस. ती थंड डोंगरातल्या पाइनच्या जंगलात येते, हिमालयातून तिच्या नोंदी आहेत, आपल्या किनाऱ्यावर ती येत नाही. पण पद्धत कुठल्याही दूधवालीला हीच. आणि हे सगळं नोंद करण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही, त्यावर टप्पा ७ मध्ये वेगळं लिहिलंय, तो टप्पा कृपया गाळू नका.

## टप्पा १: निघायच्या आधी घरी

सामान फार लागत नाही पण एकही वस्तू तिथे गेल्यावर आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून आदल्या आठवड्यातच एका पिशवीत बांधून ठेवा.

- छोटी धारदार सुरी, भाजी चिरायची चालते
- शिसपेन्सिल आणि जाड कागदाची छोटी वही (पेनची शाई पहिल्या सरीत पसरते, मग अख्खी वही निळी)
- ६ इंची प्लास्टिकची पट्टी
- पांढरे टिश्यू, साधे, वास नसलेले
- एक पांढरा आणि एक काळा जाड कागद, आणि दोन-तीन काचेचे तुकडे नाहीतर पारदर्शक प्लास्टिक शीट
- कागदी पिशव्या, मेणकागद, जुनी वर्तमानपत्रं
- दोरा ओवलेल्या छोट्या चिठ्ठ्या, आधीच नंबर घालून
- कडक टोपली नाहीतर पुठ्ठ्याचा खोका

प्लास्टिकची कॅरीबॅग या यादीत नाही आणि ती आणायचीही नाही. अळंबी श्वास घेत असते, पिशवीत दोन तासांत घाम धरते आणि संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो.

सुरीबद्दल एक खास सांगायचंय, कारण ही चूक आपलीच आहे, कोकणातली. फणस कापायचा म्हटलं की आपला हात आपोआप खोबरेल तेलाकडे जातो, चीक चिकटू नये म्हणून. एका वाचकाने अळंबी कापायच्या आधीही पात्याला तेल लावलं, दूध गळतं असं वाचलं होतं म्हणून. अळंबीचं दूध फणसाच्या चिकासारखं हाताला बसत नाही, सहसा पाण्याने धुतलं की जातं. तेलाने थेंब पसरतो आणि टिश्यूवर तेलाचाच डाग उमटतो, मग रंग कुठला बघणार. पातं कोरडं आणि स्वच्छ हवं, प्रत्येक नमुन्यानंतर पुसलेलं.

परवानगीचंही आधीच बघा. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, तिथून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, एक अळंबीसुद्धा नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क किंवा व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणार असाल तर फक्त फोटो आणि वही, टप्पा ३ पासून पुढचं काही नाही. बाकीच्या जंगलात स्थानिक वनखात्याच्या ऑफिसात किंवा गावात विचारून घ्या.

तपासा: फोनमधली तारीख-वेळ बरोबर आहे ना? पुढे दुधाचा रंग किती मिनिटांनी बदलला ते तुम्ही फोटोंच्या वेळेवरूनच पडताळणार आहात.

## टप्पा २: अळंबी जमिनीतच असताना

ही पायरी ९० टक्के लोक उडवतात असं मी म्हणेन, म्हणजे मोजलेलं नाही पण आलेल्या फोटोंवरून वाटतं तसं. दिसली की उपटली. थांबा. आधी मान वर करा.

लॅक्टेरियस गटाच्या, म्हणजे दूधवाल्या, अळंब्या झाडांच्या मुळांशी जोडून राहतात, अन्नाची देवाणघेवाण असते, आणि बऱ्याच जाती ठराविक झाडालाच धरून असतात. केशरी दूधवाली पाइनखाली. तिच्यासारखीच दिसणारी लॅक्टेरियस डिटेरिमस स्प्रूसखाली. लॅक्टेरियस सॅल्मोनिकलर फरखाली. तिघी केशरी, तिघींचं दूध केशरी, त्यामुळे झाड लिहिलं नाही तर अर्धी ओळख तिथेच गेली. या सवयीमुळेच तिची लागवड धिंगरीसारखी भुशाच्या पिशवीत होत नाही, "बी मिळेल का" असं विचारणाऱ्यांसाठी सांगतोय.

आपल्याला सुईपर्णी झाडांची सवय नाही हे मान्य. पण सोपं आहे, खाली पडलेल्या सुया उचला आणि मोजा:

- एका झुबक्यात ३ लांब सुया: चीड
- एका झुबक्यात ५ बारीक, लोंबत्या सुया: कैल
- छोट्या आखूड फांदीवर बऱ्याच सुयांचा गुच्छ: देवदार
- सुया एकेकट्या, बोटात फिरवली तर चौकोनी लागते: स्प्रूस
- सुया एकेकट्या, चपट्या: फर

पानं रुंद असतील तर ओकची जात (तिकडे बांज म्हणतात ती), उंचावर पांढरट सालीचे पापुद्रे सुटत असतील तर भूर्ज, ज्याचं भोजपत्र. नाव कळलं नाही तरी चालेल, एक डहाळी आणि सालीचा फोटो काढून ठेवा, आणि गावातल्या माणसाला त्याचं स्थानिक नाव विचारून तेच लिहा.

इथे एक गोंधळ वारंवार होतो. आपल्या किनाऱ्यावर वाळूत जी सुरूची बनं आहेत त्यांना बरेच जण पाइन म्हणतात, आणि मला गेल्या पावसाळ्यात सुरूखालच्या अळंबीचा फोटो "पाइनखाली मिळाली" म्हणून आला. सुरू पाइन नाही, जवळचा नातेवाईकही नाही. त्याच्या त्या हिरव्या काड्या ओढल्या तर सांध्यावर सुटतात, कारण त्या सुया नाहीतच, बारीक फांद्या आहेत. सुरूखाली केशरी अळंबी दिसली तर ती दुसरं काहीतरी आहे.

झाड झालं की फोटो. पाच तरी हवेत: लांबून, आजूबाजूच्या झाडांसकट; जवळून, बाजूने, अळंबीच्या उंचीला फोन टेकवून; वरून, पट्टी शेजारी ठेवून; एकाच घोळक्यात लहान-मोठ्या असतील तर त्या एकत्र, आणि पायथ्याची माती. टोपीवर गोल-गोल पट्टे आहेत का, कडेला लोकर आहे की गुळगुळीत, पृष्ठभाग चिकट आहे की कोरडा, हे हात लावून बघा आणि लिहा. नुसता हात लावून अळंबीची विषबाधा सहसा होत नाही, ते पोटात गेल्यावर होतं. नंतर हात मात्र धुवा.

लक्ष द्या: फ्लॅश बंद. फ्लॅशमध्ये केशरी, गुलाबी आणि तपकिरी एकसारखे दिसतात.

## टप्पा ३: काढणं आणि मोडून बघणं

देठ वरून छाटू नका. आपल्याकडे श्रावणात वारुळाजवळची अळंबी काढतात तेव्हा ती खालून लांब ओढून येते, माहीत आहे सगळ्यांना, तसंच इथे पण बुंध्यापासून हवी. सुरीचं टोक बाजूने मातीत घालून सबंध उचला. कारण बुंध्याशी पिशवीसारखं आवरण असेल तर ती अमानिटा असू शकते, त्या गटात जीवघेण्या जाती आहेत, आणि छाटलेल्या देठावर ते आवरण दिसत नाही, जमिनीतच राहतं.

एका जागेवरून दोन-तीन पुरेत. एक कोवळी, एक भरलेली. म्हातारी, मऊ पडलेली नको, तिच्यात दूधही नसतं.

आता एक देठ मोडा. दूधवाल्यांचा देठ खडूसारखा कटकन तुटतो, शेवग्याच्या शेंगेसारखे धागे निघत नाहीत. त्यांच्या मांसात गोल पेशींचे पुंजके असतात, म्हणून तसा. धागे निघाले तर ती लॅक्टेरियस नाही, मग दूध येत असलं तरी नाही. (नाजूक काडीसारख्या देठाच्या मायसीना गटातल्या काही अळंब्याही दूध गाळतात, पांढरं किंवा रक्तासारखं लाल, त्यांची टोपी अगदी बारीक असते.)

केशरी दूधवालीचा देठ बहुतेक वेळा पोकळ निघतो आणि बाहेरून त्याच्यावर गडद केशरी खळगे असतात, छोटे, बोटाने दाबल्यासारखे. टोपी साधारण ५ ते १२-१४ सेंटीमीटर, मधे खोलगट.

तपासा: नंबराची चिठ्ठी देठाला बांधली का? कापायच्या आधी बांधा, नंतर तुकडे झाले की कुणाचं काय ते कळत नाही.

## टप्पा ४: दूध बघणं

यासाठी सावकाश अर्धा तास काढा. ट्रेकचा ग्रुप पुढे गेला असेल तर हे होत नाही, म्हणून मी दुपारच्या जेवणाच्या मुक्कामाजवळ हे काम धरतो. वही आणि पेन्सिल हातात, फोन शेजारी, टिश्यू मांडीवर. मगच कापायचं.

कुठे कापायचं? टोपीखालच्या त्या पट्ट्या, ज्यांना गिल्स म्हणतात, त्यांच्यावर सुरीच्या टोकाने एक आडवी रेघ ओढा, टोपीच्या कडेजवळ. तिथे दूध सगळ्यात जास्त असतं. बरेच जण देठ कापून "दूध आलं नाही" म्हणतात. दुसऱ्या अळंबीचा मग उभा छेद घ्या, टोपीपासून बुंध्यापर्यंत, आतला रंग बघायला.

रेघ ओढली की लगेच वेळ लिहा आणि हे करा:

ताबडतोब. दुधाचा रंग. "केशरी" एवढं लिहून भागत नाही: गाजरासारखं, हापूसच्या रसासारखं, की कोकमाच्या आगळासारखं लाल? आपल्या रोजच्या वस्तूंची तुलना शास्त्रीय रंगनावापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती चुकत नाही. थेंब किती, भरपूर की जेमतेम ओल, तेही.

पहिलं मिनिट. एक थेंब टिश्यूवर घ्या, दुसरा गिलवरच राहू दे. काही जातींचं पांढरं दूध अळंबीवर पांढरंच राहतं आणि पांढऱ्या कापडावर किंवा टिश्यूवर पिवळं होतं. काहींचं जागेवरच, दहा-पंधरा सेकंदांत, पिवळंधमक होतं, लॅक्टेरियस क्रायसोरियसचं तसं. इकडेतिकडे बघितलं तर निसटतं.

५ ते १० मिनिटं. केशरी दूध लाल होतंय का? ही खरी परीक्षा. केशरी दूधवालीचं दूध गाजरासारखंच राहतं. लॅक्टेरियस सेमिसँग्विफ्लुअसचं केशरी दूध साधारण ५ ते ८ मिनिटांत वाइनसारखं लाल होतं. स्प्रूसखालच्या डिटेरिमसचंही हळूहळू लालसर होतं. आणि लॅक्टेरियस सँग्विफ्लुअसचं पहिल्यापासूनच गडद लाल. एकच फोटो पाठवला की या चौघी एकसारख्याच, दहा मिनिटं थांबलात तर वेगवेगळ्या.

अर्धा तास. पांढरं दूध तपकिरी झालं का (लॅक्टिफ्लुअस व्होलेमसचं होतं, आणि त्याला मासळीचा वास येतो, आपल्या नाकाला तो ओळखायला वेळ लागत नाही), की जांभळट (लॅक्टेरियस युव्हिडस), की होतं तसंच?

दुसऱ्या दिवशी सकाळी. कापलेल्या, दाबलेल्या जागा हिरव्या पडल्यात का. केशरी दूधवाली हिरवी पडते, आणि म्हातारी झाली की न कापताही हिरव्या डागांनी भरते. लोक ते बघून "बुरशी लागली, सडली" म्हणून फेकून देतात. तो सडका रंग नाही, तिच्या दुधातल्या रंगद्रव्याचाच बदल आहे, आणि ओळखीसाठी तो महत्त्वाचा.

प्रत्येक वेळेला एक फोटो, एकाच जागेवरून, शक्यतो सावलीत.

आता दूधच आलं नाही तर? तीन-चार दिवस ऊन पडलं असेल तर येत नाही, किंवा अळंबी जून असेल. घोळक्यातली सगळ्यात कोवळी बघा. तरीही नाही आलं तर "दूध दिसलं नाही, चार दिवस पाऊस नव्हता" असं लिहा, मोकळी जागा सोडू नका. उलट मुसळधार पावसात पोकळ देठातून पाणी गळतं आणि लोक त्याला पांढरट दूध समजतात. टिश्यूने गिल्स टिपून घ्या, मग रेघ ओढा.

लक्ष द्या: पुस्तकांत "चव घेऊन थुंका" असं लिहिलेलं असतं, दूध तिखट आहे की गोड ते बघायला. ते अनुभवी लोकांसाठी आहे, ज्यांना समोरची अळंबी याच गटातली आहे हे चवीच्या आधीच पक्कं माहीत असतं. तुम्ही घेऊ नका. चवीचा रकाना रिकामा राहिला तर बिघडत नाही.

## टप्पा ५: मुक्कामावर स्पोर प्रिंट

स्पोर प्रिंट म्हणजे टोपीतून गळलेल्या बीजाणूंचा कागदावर उमटलेला ठसा. तो संध्याकाळी खोलीवर गेल्या गेल्या घ्यायचा. एक भरलेली टोपी देठापासून वेगळी करा, गिल्स खाली करून ठेवा, अर्धी पांढऱ्या कागदावर, अर्धी काळ्यावर. वर एक वाटी उपडी घाला म्हणजे वारा लागणार नाही. टोपी कोरडी वाटली तर वरून पाण्याचा एक थेंब. रात्रभर हलवू नका.

सकाळी वाटी उचलल्यावर खाली गिल्सची नक्षी उमटलेली दिसेल. केशरी दूधवालीची फिकट मलई रंगाची, आणि एकूण लॅक्टेरियसची पांढऱ्यापासून पिवळसर मातकट रंगापर्यंत. फक्त पांढरा कागद वापरला की लोक म्हणतात प्रिंट आलीच नाही, आलेली असते, दिसत नाही. म्हणून काळा.

प्रिंटचा रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघून लिहा. मग कागद दुमडून पाकिटात, वर नंबर. काचेवर घेतली असेल तर दुसरी काच ठेवून चिकटपट्टी.

हिरवट प्रिंट आली तर ती दूधवाली नक्की नाही. हे इथल्यांसाठी सांगतोय, कारण आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात, मैदानातल्या गवतात मोठी पांढरी छत्री येते, क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस, तिची प्रिंट हिरवट असते, आणि ती खाल्ल्यावर भयंकर उलट्या-जुलाब होतात.

## टप्पा ६: सुकवणं, आणि ते डोंगरावरच

माझ्या पहिल्या खेपेला मी सात नमुने जपून, ओल्या टिश्यूत गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आणले. दिल्लीहून रत्नागिरीपर्यंत रेल्वेचा दिवसाहून जास्त प्रवास, त्यात पावसाळी वेळापत्रक. घरी डबा उघडला तर आत काळं पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या. वहीत सगळं होतं, नमुना एकही नाही, त्यामुळे पुढे कुणाला दाखवताही आलं नाही. तेव्हापासून नियम एकच: खाली उतरायच्या आधी नमुना कडक वाळलेला हवा. ओला नमुना घेऊन कोकणात यायचंच नाही.

काढलेल्या दिवशीच रात्री सुरुवात करा. आत अळ्यांची अंडी असतात, एक रात्र गेली तर त्या आतून पोखरतात.

मोठी अळंबी उभी अर्धी चिरा, छोटी तशीच. मशीन असेल (फळं सुकवायचं इलेक्ट्रिक ड्रायर काही होमस्टेत सफरचंदासाठी असतं, विनंती केली तर एक ट्रे देतात) तर ४० ते ४५ अंशांवर, रात्रभर, जाड असेल तर दुसऱ्या दिवशीही. जास्त तापवून लवकर उरकायचं नाही, मांस शिजतं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघता येत नाहीत.

मशीन नसेल तर जाळीवर किंवा दोऱ्यात ओवून हवेशीर जागी, पंखा असेल तर पंख्याखाली, आणि खोलीत बुखारी (खोली गरम ठेवायची शेगडी) पेटवत असतील तर तिच्यापासून हातभर लांब. खाली वर्तमानपत्र, दर तीन-चार तासांनी बदला. ऊन आलं तर उन्हात, पण सर आली की धावत आत.

आपल्याकडे सुकट, बांगडे सुकवायचा हात सगळ्यांना आहे, त्यामुळे एक-दोघांनी मीठ लावलं. मीठ नको, हळद नको, चुलीवरचा धूरही नको. अळंबीवर बाहेरचं काहीही लागलं की तपासणाऱ्याला ते अळंबीचं की तुमचं ते कळत नाही.

झालं कधी? वाकवून बघा. पापडासारखं कडकन मोडलं तर झालं. वाकलं तर अजून ओल आहे, अजून एक रात्र. मधला, जाड भाग शेवटी वाळतो, तिथेच दाबून बघा. वाळल्यावर केशरी, हिरवा सगळा रंग मळकट होतो, वासही तसा राहत नाही, म्हणूनच टप्पा ४ ची वही एवढी महत्त्वाची.

घरी आल्यावर दुसरी लढाई. ऑगस्टातली आपली हवा अशी असते की रात्री कडक असलेला नमुना उघड्या ताटलीत सकाळी चामड्यासारखा नरम. कोकणातल्या घरात पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तिथे अळंबी काय टिकणार. म्हणून पिशवीतून काढला की लगेच: कागदी पाकीट, त्यावर झिपची पिशवी, आणि ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलसोबत. सिलिका केशरी दाण्यांची घ्या, ओल धरली की रंग बदलतो. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. रंग बदलला की जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवून परत कोरडी करता येते. तांदूळ घालून ठेवणारे आहेत, पण पावसाळ्यात आपले तांदूळ स्वतःच ओल धरून असतात.

किड्यांसाठी: बंद पिशवीसकट नमुना फ्रीजरमध्ये एक-दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत वाया. डांबराच्या गोळ्या नकोत.

तपासा: पाकिटातली चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली आहे ना, आणि ती पाकिटाच्या आत आहे ना? बाहेर चिकटवलेली चिठ्ठी आपल्या हवेत गळून पडते.

## टप्पा ७: "पण खायची का?"

नाही. वरचे सगळे टप्पे नीट केले तरी नाही.

मी हे घाबरवायला लिहीत नाही. केशरी दूधवाली खाद्य आहे, युरोपात बाजारात विकली जाते, ती खाल्ल्यावर लघवीचा रंग लालसर होतो इथपर्यंत माहिती लिहिलेली आहे. पण ती ओळखणारे लोक लहानपणापासून त्याच जंगलात, त्याच झाडाखाली ती काढत आलेत, जशी आपल्या गावातली आजी वारुळाजवळची अळंबी न चुकता ओळखते. त्या आजीला देवदाराखाली नेऊन उभं केलं तर तिचंही ज्ञान तिथे लागू पडत नाही, आणि ती स्वतःच हात लावणार नाही. आपण एका आठवड्यासाठी गेलेलो असतो.

दूध आहे म्हणजे सुरक्षित हेही खोटं. लॅक्टेरियस टॉर्मिनोससलाही दूध असतं, पांढरं, झोंबणारं तिखट, भूर्जाखाली येते, टोपी गुलाबीसर-केशरी पट्ट्यांची आणि कडेला लोकर. वरून काढलेल्या फोटोत नवख्याला ती केशरी दूधवालीच वाटते. ती पोट पार बिघडवते.

आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा: चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण किंवा तांदूळ टाकल्यावर रंग बदलतो का, किडे खातात म्हणजे चांगली. यातली एकही परीक्षा विष ओळखत नाही. अमानिटातलं जे जीवघेणं विष आहे ते उकळूनही जात नाही, वाळवूनही जात नाही, आणि त्याची लक्षणं साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात. म्हणजे रात्री जेवलात, सकाळी ठणठणीत, आणि दुपारी उलट्या. मधे एक दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. त्यामुळे कुणी खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा मोठ्या हॉस्पिटलात न्या, उरलेली अळंबी आणि ताटातलं शिजवलेलं कागदी पिशवीत सोबत घ्या, कधी खाल्ली ती वेळ सांगा, आणि बरोबर जेवलेल्या सगळ्यांना न्या.

## टप्पा ८: नाव विचारताना

आता तुमच्याकडे वही, फोटो, प्रिंट आणि कडक वाळलेला नमुना आहे. विचारताना सगळे फोटो क्रमाने आणि खाली एवढा मजकूर:

"नमुना ४. तारीख, जिल्हा, उंची अंदाजे २४०० मीटर. कैलखाली, ५ सुयांचे झुबके, जवळ दुसरं झाड नाही. टोपी ८ सेंमी, केशरी, गडद गोल पट्टे, ओली असताना चिकट, कड गुळगुळीत. देठ ५ सेंमी, पोकळ, खळगे आहेत, खडूसारखा तुटला. दूध गाजरासारखं, ११:४० ला कापलं, १२:१० पर्यंत लाल झालं नाही, सकाळी कापलेल्या जागा हिरव्या. प्रिंट फिकट मलई. आदल्या रात्री पाऊस. चव घेतली नाही. नमुना वाळवून ठेवलाय."

एवढं वाचलं की माहीतगार माणूस दोन मिनिटांत तुम्हाला जवळपास आणून सोडतो. "जवळपास" म्हणतोय, कारण केशरी गटातल्या आशियातल्या जाती एकमेकींसारख्या आहेत, युरोपातलं नाव हिमालयातल्या अळंबीला तंतोतंत बसेलच असं नाही, आणि शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए तपासणीवर जातो. त्यासाठीच वाळलेला नमुना. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे, तिथे वाळलेले कवक नमुने जपून ठेवतात. नमुना देण्यासारखा आहे का ते आधी पत्र किंवा ईमेल करून विचारा, पार्सल घेऊन थेट दारात उभे राहू नका, आणि परवानगीचा कागद असेल तर त्याची प्रत जोडा, नसेल तर तसं सांगा.

नाव मिळालं की पाकिटातल्या चिठ्ठीवर ते लिहा, कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला तेही. पुढे दुसऱ्या कुणी वेगळं नाव सांगितलं तर पहिलं खोडू नका, खाली दुसरी ओळ लिहा आणि चिठ्ठी परत आत टाकून बरणीचं झाकण घट्ट लावा.